चौदावं पृष्ठ

आकाशकंदिलासाठी कामट्यांचे सहा चौकोन कोपऱ्यांशी बांधून झाले आणि श्रीनिवास आगाशे यांच्यातला निवृत्त गणिताचा मास्तर जागा झाला.

“शिरोबिंदू बारा, कडा चोवीस. पृष्ठं किती?” त्यांनी सहावीतल्या नातीला, तनयाला विचारलं.

“सहा चौकोन, आठ त्रिकोण. चौदा! पण आजोबा, वरच्या चौकोनाला कागद नको. बल्ब कुठून सोडणार?”

“कागद नाही तर पृष्ठ नाही. मग तेराच उरतात. शिरोबिंदू अधिक पृष्ठं, वजा कडा, उत्तर दोन आलंच पाहिजे.”

“उघडं असलं तरी पृष्ठच ना ते?”

“भिंतीतल्या भोकाला भिंत म्हणतेस का? तुला गणित जमायचं नाही.”

तनया खळीची वाटी ठेवून आत निघून गेली. हे वाक्य श्रीनिवासरावांनी चौतीस वर्षं वर्गात सहज फेकलं होतं. ते ऐकून पोराचं तोंड कसं होतं, हे मात्र आज पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना चुटपुट लागली. तरी चौदावा कागद त्यांनी चिकटवलाच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

संध्याकाळी गॅलरीत हातात बल्ब घेऊन त्यांनी कंदिलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. आत शिरायला कुठूनच जागा नव्हती.

“ओवाळताय का त्याला?” पत्नी उल्काताईंनी दारातूनच विचारलं.

श्रीनिवासरावांनी वरचा कागद सुरीने उचकटायला घेतला. खळ वाळून घट्ट बसलेली. जोर लावला तशी वरची एक कामटी कट्कन मोडून हातात आली, शेजारचा त्रिकोण टरकन फाटला आणि कंदील एका अंगाला कलला.

तो मांडीवर घेऊन ते बसून राहिले. कंदिलाचं एवढं काही नव्हतं, पण पोरीला तसं बोलायला नको होतं.

तनया गुपचूप शेजारी येऊन बसली आणि मोजू लागली.

“शिरोबिंदू बाराच. कडा तेवीस. चौकोन आणि त्रिकोण मिळून आता एकच भोक. ते धरलं तर पृष्ठं तेरा. बारा अधिक तेरा, वजा तेवीस... दोन! आजोबा, भोक धरायचंच असतं!”

श्रीनिवासरावांनी मनात दोनदा पडताळा घेतला. सकाळीही ते धरायचंच होतं.

“तनया, तुझं बरोबर होतं. मी चुकलो.”

उल्काताई लगबगीने बाहेर आल्या. “काय म्हणालात? कुकरच्या शिट्टीत ऐकू नाही आलं.”

कुकर अजून गॅसवर चढलाच नव्हता, हे श्रीनिवासरावांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते पुन्हा म्हणाले, आणि या खेपेला जरा मोठ्याने.