टेंभुर्णे विचारून पुसतात

"कुण मिटावै छै म्हारो घुटणो? सामने आ!"

आमच्या जयपूरच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर जवळच्या चाकसू गावचे एक आजोबा काठी आपटत ओरडत होते. डोक्यावर लाल फेटा, मागे मुलगे, नातू आणि बहुधा निम्मं गाव. सकाळी त्यांना फोन आला होता, की हॉस्पिटल त्यांचा गुडघा मिटवणार आहे, काही हरकत? ज्या गुडघ्यावर ते दरसाल शीतळामातेच्या मेळ्याची टेकडी चढतात, तो गुडघा असा परस्पर मिटवू द्यायला ते तयार नव्हते. सिक्युरिटीवाला त्यांना समजावायच्या नावाखाली खांबामागे उभा होता.

"घुटना नहीं बाबाजी, घुटने का फोटो," असा खर्जातला आवाज आला, आणि एका काचेच्या दारातून स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घातलेली एक आकृती बाहेर पडली. मे महिना होता. बाहेर डांबर वितळून लोकांच्या चपला ओढून घेत होतं. आजोबांची काठी हवेतच थांबली. जयपूरच्या मे महिन्यात माकडटोपी घालणारा माणूस गुडघाही मिटवू शकेल, असं त्यांना वाटलं असावं.

हे आमचे वसंत टेंभुर्णे. मूळचे भंडाऱ्याचे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन जयपूरला आले आणि टेंभुर्णे इथलेच झाले. हॉस्पिटलात काढलेला प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक सीटी, सोनोग्राफीतला प्रत्येक ढगाळ ठिपका यांच्या खोलीतल्या यंत्रांत जाऊन राहतो. तो सांभाळायचा, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची, ती प्रत खरंच उघडते का हे बघायचं, आणि मुदत संपली की दोन्ही पुसून नव्यांना जागा करायची, हे टेंभुर्ण्यांचं काम. खोली इतकी थंड की तिथे पेंग्विन सोडला तर तोही शाल मागेल. आम्ही उन्हाने भाजून निघालो की त्या दारापाशी घुटमळायचो. टेंभुर्णे आत घेत नसत. "तुमच्या अंगाची गरमी यंत्रांना लागते न जी," म्हणत. मी चांगला एमडी झालेला रेडिओलॉजिस्ट. माझी किंमत एक शेगडी!

पण यांचा खरा आजार वेगळाच. जगभर मुदत संपलेली फाइल एक बटण दाबून पुसतात. टेंभुर्णे आधी पेशंटला फोन करतात. कुठल्या नियमात लिहिलंय, असं मी एकदा विचारलं.

"काहून लिहायला लागते डॉक्टर? कोणाच्या घरातली वस्तू फेकाले निघालो तर विचाराव की नाही?"

मग रोज सकाळपासून त्यांचा मंत्र सुरू. "नमस्कार जी, स्टोरेज विभाग. आपकी चीज़ हमारे पास बहुत दिन रही. अब मिटानी है. चाहिए क्या?" निम्म्या जयपूरला हे सायबर चोर वाटत. लोक न मागता ओरडून सांगत, "ओटीपी नहीं दूँगा!" मानसरोवर कॉलनीतल्या एका बाईंनी आपल्या सोसायटीत नोटीस लावली, की पित्ताशयाच्या नावाने फोन आल्यास उचलू नये. सिव्हिल लाइन्सच्या एका सरकारी बंगल्यातून उत्तर आलं, की साहेब मीटिंगमध्ये आहेत, मूतखड्याबाबत लेखी प्रस्ताव पाठवा. टेंभुर्ण्यांनी पाठवला. साहेबांनी त्यावर समिती नेमली नसेल, तर मी माझं नाव बदलेन.

शिवाय यांचं एक पोटकलम होतं: प्रत मिळणार ती पेशंटलाच. एकदा एक उद्योगपती मुलगा तणतणत आला. बापाच्या छातीचा एक्स-रे हवा म्हणाला, कसल्याशा भांडणात दाखवायला.

"फुप्फुस कोणाचं हाय?" टेंभुर्णे.

"पिताजी का. मैं बेटा हूँ."

"तो पिताजी को बोलो माँगने को."

मुलाने ओळखीच्या मंत्र्याचं नाव घेतलं. टेंभुर्ण्यांनी मंत्र्यांच्याही फुप्फुसाची चौकशी केली.

माणूस घरीही असाच. मी एकदा मानसरोवरला त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. माझ्या कपाचं ओलं वर्तुळ टेबलावर उमटलं. टेंभुर्णे हातात फडकं घेऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "पुसू?" मी हो म्हणेपर्यंत ते वर्तुळ वाळलं.

आता हे सगळं विनोदी वाटतं, कारण तुमचं मशीन अडकलेलं नव्हतं. माझं होतं. माझ्या विभागात नवंकोरं सीटी मशीन येऊन खोक्यात बसलं होतं. त्याच्या चित्रांना यंत्रांत जागा नव्हती, कारण तिथे चाकसूचे गुडघे पथारी पसरून पडले होते. मी डायरेक्टरसाहेबांकडे जाऊन रडलो. त्यात चाकसूच्या आजोबांचा तमाशा झालेला. साहेबांनी टेंभुर्ण्यांना बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "शुक्रवार शाम तक सब साफ़. नहीं तो सोमवार से नया आदमी बैठेगा."

टेंभुर्ण्यांना निवृत्त व्हायला फार दिवस राहिले नव्हते. या वयात कोण घेणार त्यांना? तेही माकडटोपीसकट? मला वाटलं, आता तरी हा बाबा बटण दाबेल. छे! त्यांनी फक्त बोलण्याचा वेग वाढवला. "नमस्कारजीस्टोरेजविभाग" हा एकच शब्द झाला. जेवायला उठेनात. डब्याची पिशवी तशीच खुर्चीला लटकलेली.

शुक्रवारी दुपारी चहाच्या वेळेला मी टेहळणीला गेलो. त्या दिवशी त्यांनी मला आत घेतलं. गरमीचं नावही काढलं नाही.

"किती राहिले?"

"एक."

"मग करा की फोन! साहेब वाट बघतायत."

टेंभुर्ण्यांनी माकडटोपी काढून टेबलावर ठेवली. ती काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मग टेबलावरच्या फोनवरून नंबर फिरवला. आणि खुर्चीला लटकलेली डब्याची पिशवी वाजायला लागली.

त्यांनी पिशवीतून एक जुना मोबाइल काढला. काचेला तडा गेलेला, पण पूर्ण चार्ज केलेला. त्यावर कॉल घेतला आणि तो नीट, स्पीकर लावून समोर ठेवला.

"नमस्कार जी. स्टोरेज विभाग. सुनंदा वसंत टेंभुर्णे?"

अर्ध्या क्षणाने टेबलावरचा मोबाइल त्यांच्याच आवाजात म्हणाला, "सुनंदा वसंत टेंभुर्णे?"

मला ते नाव माहीत होतं. मी जयपूरला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. डोक्यात गाठ होती, एवढंच ऐकलं होतं.

"आपका एमआरआय हमारे पास बहुत दिन रहा," टेंभुर्णे सावकाश बोलत होते. प्रत्येक शब्द सुटा, जोडाक्षर न गिळता. "अब मिटाना है. चाहिए क्या?"

"चाहिए क्या?" मोबाइल म्हणाला.

मग दोन्ही फोन गप्प. यंत्रांची घरघर तेवढी चालू होती. टेंभुर्णे रिसीव्हर कानाला लावून बसले होते. बहिऱ्या म्हाताऱ्यांना ते उत्तर द्यायला वेळ देत, त्याहून जास्त वेळ त्यांनी दिला.

"ठीक है जी," म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला. मोबाइल पिशवीत ठेवला. माउसवर हात ठेवला. आधी इथली प्रत, मग दुसऱ्या इमारतीतली. दोनदा टिकटिक झाली.

मला राहवलं नाही. "अहो टेंभुर्णे, नवरा ना तुम्ही! घ्यायची होती की एक कॉपी काढून! कोण विचारणार होतं तुम्हाला?"

त्यांनी माकडटोपी पुन्हा कानांवर ओढली.

"पेशंटनं मागितली नाही," ते म्हणाले.