परुळेकर काकांचा पहिला पर्याय

बारशाला लोक चांदीचे वाळे देतात, झबलं देतात, नाहीतर सरळ पाकीट देतात. आमच्या सोसायटीतले परुळेकर काका फाईल देतात. निळी, प्लॅस्टिकची, बटणाची फाईल. आत पारदर्शक कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: 'जन्म दाखला, मूळ प्रत', 'झेरॉक्स पाच', 'डोमिसाईल', 'उत्पन्नाचा दाखला'. माझ्या रुचाला ती मिळाली तेव्हा ती बारा दिवसांची होती. धड डोळे उघडत नव्हती, आणि काका पाळण्यावर वाकून माझ्या सासूबाईंना विचारत होते, "जन्म दाखल्याचा अर्ज टाकलात ना? पुढे कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला पहिला तोच मागतात."

 पाहुणे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मेला चित्रगुप्त! अजून नाळ पडली नाही पोरीची, आणि हा फॉर्म भरायला बसला."

काका न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटाकडे नोकरीला होते. अख्खी हयात कागदपत्रांत गेली. एक सही राहिली तर कंटेनर बंदरात कुजत पडतो, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलंय की माणसांकडेही ते त्याच नजरेने बघतात. लिफ्टमध्ये कोणी उदास चेहऱ्याचा भेटला की काका विचारणार, "काय रे, माल कुठे अडकलाय?" मग तो घटस्फोटाने उदास असो की दाढदुखीने.

निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा संदेश नोकरीला बंगळुरूला. मग कामोठ्यातली बारावीची पोरं हाच काकांचा माल झाला. बारावीचा निकाल लागला की त्यांच्या तळमजल्यावरच्या घरासमोर चपलांचा ढीग पडतो. कोणाला कुठलं कॉलेज मिळेल, कोणाला कुठली शिष्यवृत्ती लागू आहे, कोणाची फी कशी कमी होईल, सगळं काका सांगतात. एक पैसा घेत नाहीत. फक्त कोकम सरबत पाजतात आणि ते पूर्ण प्यावं लागतं. साखर घालायला ते विसरतात, तेव्हा तीही एक फीच समजा.

"फी कमी करायचे रस्ते पुष्कळ आहेत," ते म्हणतात, "पण सगळे तहसीलदाराच्या दारावरून जातात." म्हणून त्यांची ती सुप्रसिद्ध पिशवी. आत स्टॅम्प पॅड, स्टेपलर, गोंद, चार पेनं आणि घडीचं स्टूल. पनवेलच्या तहसील कचेरीत रांग लागली की काका स्टूल मांडून ऐसपैस बसतात आणि मागच्यापुढच्या सगळ्यांचे कागद तपासून देतात. एकदा तिथल्या शिपायानेच त्यांना 'साहेब' म्हणून चहा आणून दिला. काकांनी चहा घेतला आणि त्याच्याही पोराचे मार्क विचारले.

बी विंगमधली एक बाई मुलाला मार्क कमी पडले म्हणून त्यांच्या टेबलाशी ओक्साबोक्शी रडायला लागली. काकांनी शांतपणे तिच्या समोरची मार्कशीट उचलली. "रडा तुम्ही, रडायला काही हरकत नाही. कागद तेवढा बाजूला घेतो. शाई पसरते." त्या बाईला रडता रडता हसू फुटलं. पोराला डिप्लोमाला घातलं त्यांनी, निम्म्या फीत. आज बरं चाललंय त्याचं.

आणि हट्टी म्हणजे किती! आमच्या सेक्रेटरींनी मुलासाठी डोनेशन मोजून मॅनेजमेंटची सीट घेतली. काकांना आधी विचारलं असतं तर फी माफीत बसला असता तो. झालं! काकांनी त्यांच्या सत्यनारायणाला जाणं सोडलं. मी म्हटलं, "अहो काका, देवाने काय घोडं मारलंय?" तर म्हणाले, "देवावर राग नाही. पण त्या घरचा शिरा घशाखाली उतरत नाही."

त्यांच्या पद्धतीत एकच गोष्ट मला खटकायची. फॉर्म भरायच्या दिवशी ते आईबापांना खोलीबाहेर काढतात. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात कॉलेजांची यादी आपल्या पसंतीने, एक नंबर, दोन नंबर अशी भरायची असते. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं, की संपलं. तेच घ्यायचं, पुढची फेरी विसरायची. म्हणून तो पहिला नंबर काका मुलाला एकट्याला विचारतात. मला वाटायचं, पैसे आम्ही भरणार, डबा आम्ही देणार, आणि आम्हालाच दाराबाहेर उभं करता? हा कुठला न्याय?

यंदा ती पाळी माझ्यावर आली.

रुचाला मार्क चांगले पडले. माझा हिशेब केव्हाच ठरला होता. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक खासगी कॉलेज आहे. तिथे कॉम्प्युटरला फी माफीच्या काही जागा असतात. घरचं उत्पन्न मर्यादेत असलं आणि मार्क असले की शिक्षणाची फी माफ. आमचे हे द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर, म्हणजे उत्पन्नाचा दाखला आरामात बसत होता. पहिला नंबर तोच टाकायचा, एवढंच मला काकांकडून हवं होतं.

"तुम्ही जरा स्वयंपाकघरात बसा," काका मला म्हणाले. मी बसले. कान मात्र बाहेरच होते.

"बोल गो बाय," काका म्हणाले. "पहिल्या नंबरला काय घालू?"

 रुचा म्हणाली, "सिव्हिल. सरकारी कॉलेजचं. ते घाटावरचं."

मी सरबताचा ग्लास तसाच ठेवून बाहेर आले. "सिव्हिल? डोक्यावर पडलीस का? उन्हातान्हात साइटवर उभी राहणार? आणि घाटावर? हॉस्टेलला?"

"आई, मला पूल बांधायचेत," रुचा म्हणाली. "लहानपणापासून खाडीवरचे पूल बघतेय. मला कॉम्प्युटर नाही आवडत. मी सांगणार होते, पण तू..."

"मी काय? मी काय वाघ आहे खायला?"

काका मध्ये पडले. "वहिनी, सरकारी कॉलेजात फी मुळातच कमी. वर मुलींसाठीची सवलत. हॉस्टेलला शिष्यवृत्तीची मदत मी मिळवून देतो. दोन्हीकडे परवडतंय तुम्हाला. मग सांगा, तुमचा माल कुठे अडकलाय?"

 खरं सांगते, मला सिव्हिलचं काही नव्हतंच. ह्यांची शिफ्ट ड्युटी, सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. रुचा घाटावर गेली की संध्याकाळी घरात मी आणि टीव्ही. त्याची मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी कॉम्प्युटरच्या नावावर खपवत होते. पण हे असं चारचौघांत कोण कबूल करतं? मी उलट काकांनाच धरलं.

"तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमच्या संदेशला तुम्ही फी माफीत कॉम्प्युटर मिळवून दिलंत, तेही पहिल्या फेरीत. अख्ख्या सोसायटीला पेढे वाटलेत. मीच खाल्लेत दोन. आणि माझ्या पोरीच्या वेळेला बरी सिव्हिलची आठवण झाली!"

 काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.  मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

"संदेशचा पहिला नंबर मी भरला होता," ते म्हणाले. "तो मित्राकडे गेला होता. मी म्हटलं, पोराला काय कळतंय, फी वाचतेय, भरून टाकू. संध्याकाळी तो आला तेव्हा फॉर्म गेला होता. पहिल्याच फेरीत पहिला नंबर लागला. तुम्ही पेढे खात होतात तेव्हा तो आतल्या खोलीत पडून होता. मी जाऊन सांगितलं, अरे, चार वर्षांची फी माफ! तो म्हणाला, 'बरं.' आजही रविवारी फोन करतो. जेवलास का? बरं. तब्येत? बरी. गणपतीला येणार? बघतो. वहिनी, पोराशी बोलायचं म्हटलं तर मला दुसऱ्यांची बारावीची पोरं लागतात."

"पण त्याला काय हवं होतं?" रुचाने विचारलं.

"ठाऊक नाही गो," काका म्हणाले. "मी विचारलंच नाही."

 पंधरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या पोरांना एकच प्रश्न विचारत बसलाय, आणि मी म्हणतेय मला दाराबाहेर का काढलं! मी रुचाच्या शेजारची खुर्ची ओढली. "घाला सिव्हिल," मी म्हटलं. "आणि गं, रोज फोन करायचा. नाही केलास तर घाटावर येऊन कान उपटीन, सांगून ठेवते."

पहिल्या फेरीचा निकाल लागला. रुचाला सिव्हिल लागलं. ती नाचली, मी थोडी रडले, मग दोघी काकांकडे गेलो. काका दारातच म्हणाले, "छान! आता मूळ कागद घेऊन मुदतीत रिपोर्टिंग करायचं, झेरॉक्स..."

"काका, ते सगळं करू," रुचा म्हणाली. "आधी संदेशदादाला फोन लावा."

"आज काय रविवार आहे?"

"नसू दे."

"कामात असेल तो. आणि आता इतक्या वर्षांनी काय विचारायचं? कुठल्या तोंडाने?"

माझी पोर माझ्यावरच गेलीय. तिने टेबलावरचा त्यांचा फोन उचलला, त्यांच्याकडूनच लॉक उघडून घेतला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. काका उभेच होते. पलीकडून 'हॅलो, बाबा? काय झालं?' असा घाबरलेला आवाज आला, तेव्हा खुर्ची ओढून बसले.

"काय नाय रे झिला. बरो आसंय मी. एक इचारूचा होता." एखाददुसरं 'गो' सोडलं तर आमच्याशी पुस्तकी बोलणारे काका लेकाशी मालवणीत बोलतात, हे मला तेव्हा कळलं. "तुझ्या अ‍ॅडमिशनच्या टायमाक... तुका तेवा काय व्हया होता रे?"

  पलीकडे संदेश हळूहळू काहीतरी बोलायला लागला.

"भूगोल?" काका खुर्चीत ताठ झाले. "आणि भूगोल घेवन तू करतलंस काय..."

आणि तिथेच थांबले. स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग हात काढून अगदी हळू म्हणाले, "नाय, नाय. तू सांग. मी आयकतंय."

मी रुचाला खुणेने बाहेर बोलावलं. दार ओढून घेतलं तेव्हा तिकडून संदेश बोलत होता, आणि काका मध्ये एक शब्दही बोलत नव्हते.