मी गेटला शिकवलेलं मराठी

आमच्या सोसायटीच्या नव्या बोलक्या गेटला मराठी मी शिकवलं आणि चुकीचं शिकवलं. आत यायचं तर ‘येतो’ म्हणायचं, बाहेर पडायचं तर ‘जातो’. आवाज ओळखून गेट उघडतं आणि नोंद ठेवतं. हिंजवडीच्या इंजिनिअरांनी दोन शब्द मागितले, सेक्रेटरी म्हणून मी तत्परतेने दिले. वर पेढेही वाटले.

मोकाशीकाकांनी पेढा घेतला नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झालेला माणूस. कुठलंही यंत्र बोललं की आधी विचारणार, “पलीकडे कोण आहे?” लिफ्टलाही विचारतात.

“अहो सेक्रेटरी,” ते म्हणाले, “आज गेट. उद्या बसथांबा विचारेल, परवा विजेचा खांब. पुण्यात माणूस एक राहील आणि त्याची नोंद शेजारी वेगळी राहील. दोघांचं जमलं नाही, तर खरं कोणाचं धरणार?”

“नोंदीचं,” मी म्हणालो. विनोद म्हणून.

ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन सखारामचा फोन आला, काका अर्धा तास गेटशी अडलेत. बनियनवरच खाली धावलो. काकांच्या हातात डबा होता. काकू आठवडाभर दवाखान्यात होत्या.

“येतो,” काका गेटला सांगत होते.

“आपण आतच आहात.”

“येतो म्हटलं ना.”

“आपण आतच आहात.”

“काका, ‘जातो’ म्हणून टाका की,” मी म्हणालो. “यंत्र आहे ते. त्याला काय कळतंय?”

“आणि पलीकडे कोणी ऐकत असलं तर?”

मला हसू येत होतं. काका डब्याचं झाकण उगाचच दाबत राहिले.

“परवा मी दवाखान्यातून निघालो,” ते हळूच म्हणाले, “तर ही पडल्या पडल्या म्हणाली, ‘बरं, जाते मी.’ निघालो होतो मी. म्हटलं, अगं, ‘येते’ म्हण. दोन दिवस मागे लागलोय, म्हणत नाही. आणि मी इथे दाराला ‘जातो’ सांगू?”

मी गेटसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “जातो.”

गेट उघडलं. काका डबा सांभाळत जवळजवळ पळतच रिक्षाकडे गेले. नोंदीत बाहेर गेलेला मी आतच उभा होतो.

“यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार,” मी सखारामला म्हणालो.

“यंत्राचं सोडा साहेब,” तो म्हणाला. “तुमाला तर कान हायेत.”