ज्याच्या नावावर पत्र

ऑक्टोबरचा पहिला शनिवार, सकाळी दहा. स्थळ: न्यू जर्सीतल्या आमच्या गावाच्या आयरिश वारसा संग्रहालयाची मागची खोली. हजर: संचालिका कॅथलीन, फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारे दोघे भाऊ, सोडा ब्रेड भाजणाऱ्या तिघी, नोरा, वय शहाऐंशी, मी, यादी लिहिणारी, आणि साळुंखे काका. गैरहजर: कोणी नाही. काका कमिटीवर नाहीत, पण हजेरीत त्यांचं नाव नसलं तर ते कागद परत करतात.

विषय होता फॉलचे, म्हणजे पानगळीच्या मोसमातले, चार शनिवार. पहिल्याला ब्रेड, दुसऱ्याला पूर्वज शोधून देण्याचं टेबल, तिसऱ्याला सलगम कोरून त्याचे दिवे, चौथ्याला जुन्या पत्रांचं जाहीर वाचन. चौथ्या शनिवारचा विषय निघाला आणि काका उठून उभे राहिले.

"काइंडली नोट," ते म्हणाले. "आय ऑब्जेक्ट. लेटर्स आर ॲड्रेस्ड टू अदर पार्टी."

कॅथलीननं माझ्याकडे पाहिलं. मी यादीत लिहिलं: काकांशी बोलणे.

हे काका कोण आणि आयरिश लोकांत त्यांचं काय काम, हे आधी सांगायला हवं. त्याहून आधी माझं. माझी मुलगी लहानपणी या संग्रहालयाच्या हॉलमध्ये आयरिश नाच शिकायची. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून असायची. एकदा आत खुर्च्या लावायला माणूस कमी होता म्हणून गेले. मुलगी नाच सोडून कॉलेजला गेली, मी खुर्च्या लावत राहिले. आता इथल्या सगळ्या कार्यक्रमांच्या याद्या माझ्याकडे असतात.

मधुकर साळुंखे कराडच्या पोस्टातून रिटायर झाले. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. बायको सुमन वारली, त्यानंतर मुलगा अमोल त्यांना न्यू जर्सीला घेऊन आला. पहिल्या महिन्यातच अमोलचा मला फोन. "वैशालीताई, बाबांना कुठेतरी एंगेज करा ना, प्लीज. दिवसभर जंक मेल सॉर्ट करत बसतात. पिझ्झाची कुपनं एका गठ्ठ्यात, डेंटिस्ट दुसऱ्यात."

"मग त्यात काय वाईट आहे?"

"काल शेजाऱ्याचं चुकून आलेलं पत्र घेऊन त्याच्या दारात गेले. आणि त्याची सही मागितली."

मी त्यांना संग्रहालयात घेऊन गेले. आमच्याकडे एका भिंतीवर काचेखाली पत्रं लावलेली आहेत. आयर्लंडहून अमेरिकेत कामाला आलेल्या मुलींना घरून आलेली. शेजारी प्रत्येकाचं पाकीट. काकांनी हात मागे बांधले आणि भिंतीवरचं एकेक पाकीट वाचत पुढे सरकले. पत्र आलं की मान वळवायचे. पाकीट आलं की मान परत समोर. आमचा गार्ड मला हळूच म्हणाला, त्यांची मान दुखते आहे का?

"काका, पत्रं वाचायलाच लावलीत," मी म्हटलं.

"माझ्या नावावर आहेत का?"

"नाहीत."

"मग."

चार वर्षं झाली. त्या भिंतीवरचा प्रत्येक पत्ता त्यांना पाठ आहे. आत काय लिहिलंय, त्यातली एक ओळ त्यांना ठाऊक नाही.

बाकी सगळं त्यांनी ताब्यात घेतलं. दारापाशी पाहुण्यांची वही असते. पूर्वी लोक त्यात नाव आणि एक हसरा चेहरा काढून आत जायचे. आता काका वही फिरवून परत देतात. "फुल ॲड्रेस, प्लीज. विथ झिप." झिप म्हणजे इथला पिनकोड. एका गृहस्थानं नुसतं 'बॉस्टन' लिहिलं होतं. काकांनी त्यांना विचारलं, "होल बॉस्टन इज युअर हाउस?" गृहस्थ हसले आणि पत्ता पूर्ण लिहून आत गेले.

हातात येईल त्या वस्तूचं ते वजन सांगतात. सोडा ब्रेडचा लोफ तळहातावर घेऊन, "सातशेला पंचवीस कमी." भाजणाऱ्या तिघींनी काटा आणला. काट्यावर सहाशे पंच्याहत्तर आलं तेव्हा काका म्हणाले, काटा बरोबर आहे.

आणखी एक. आत हीटर चालू असला तरी ते अमोलचं जुनं जॅकेट काढत नाहीत, चेन गळ्यापर्यंत. पहिल्या वर्षी कॅथलीनला वाटलं त्यांना थंडी वाजते. तिनं हीटर वाढवला. फिडलवाले घामाघूम झाले, काका जॅकेटमध्ये बसून राहिले.

त्यांचं आवडतं वाक्य, "टपाल मुक्कामाला राहता कामा नये." हे ते ब्रेडबद्दलही म्हणतात आणि पार्किंगमधल्या गाड्यांबद्दलही. त्यामागे एक गोष्ट आहे, ती मी नऊ वेळा ऐकली आहे. त्यांच्या हाताखालचा एक पोस्टमन लांबच्या वाडीची पत्रं खाटेखाली पोत्यात टाकून द्यायचा. काकांनी पोतं धरलं, स्वतः सायकलवर टाकलं आणि दोन दिवसांत शेवटचं पत्र पोचतं केलं. गोष्ट संपताना छातीवर हात ठेवतात. "चौतीस वर्षांत माझ्याकडे एक पत्र मुक्कामाला राहिलं नाही."

तर चौथा शनिवार.

यंदाच्या वाचनाचं मुख्य पत्र नोराचं होतं. नोराच्या आजीला तिच्या आईनं पाठवलेलं. त्या काळी कागद वाचवायला लोक आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवायचे आणि त्याच ओळींवर उभं लिहायचे. आडवा मजकूर नोराच्या आईनं कधीच वाचून ठेवला होता: गाय, पाऊस, कोण गेलं, कोणाचं लग्न. उभा मजकूर कोणालाच लागला नव्हता. कॅथलीननं एका कॉलेजात विचारलं, त्यांनी वसंतात बघू म्हणून कळवलं.

"वसंतात मी बहुतेक असेन," नोरा म्हणाली. "पण पैज लावू नका."

ती विनोद करते तेव्हा कोणाकडे बघत नाही. तिची नजर अधू झालीये. ते पत्र तिनं लहानपणापासून शेकडो वेळा हातात घेतलंय, आणि त्यातलं अर्धं तिला माहीत नाही. जाण्याआधी एवढं कळावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

काकांनी पत्र लांबून पाहिलं, मजकूर न वाचता, नुसतं अक्षराचं वळण. "हे लागतं," ते मला म्हणाले. "अंतर्देशीय पत्रावर लोक समासात लिहायचे, घडीवर लिहायचे, डिंकाच्या पट्टीवरसुद्धा. हे त्याचंच थोरलं भावंड."

"मग वाचा ना काका."

"कोणाच्या नावावर आहे?"

"नोराच्या आजीच्या."

"त्या हजर आहेत?"

"काका, त्या जाऊन पन्नास वर्षं झाली."

"मग वारस पाहिजे."

मी काम उरकणारी बाई आहे. वाद घालण्यापेक्षा फॉर्म भरणं सोपं. त्याच दिवशी काकांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. खाली सही करणारी, पत्र ज्यांच्या नावावर आहे त्यांची नात, श्री. एम. के. साळुंखे यांना सदर पत्र उघडून वाचण्यास अधिकार देते. साक्षीदार दोन, कॅथलीन आणि मी. काकांना रेव्हेन्यू स्टॅम्प हवा होता. इथे तो नसतो म्हटल्यावर मी पर्समधलं भोपळ्याचं चित्र असलेलं पोस्टाचं तिकीट लावलं. ते त्यांनी पेनानं रद्द केलं.

"वारस एकट्याच का?" त्यांनी विचारलं.

नोरानं सांगितलं, फ्लोरिडात भाऊ आहे.

"त्यांची ना-हरकत."

भावानं लगेच ईमेल केली. काका म्हणाले, ईमेलला सही नसते. शेवटी भावानं पत्र टाकलं. ते चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी आलं. काकांनी आधी शिक्का पाहिला. "चार दिवस. बरं आहे." मग हात धुतले, चष्मा पुसला आणि बसले.

त्यांची पद्धत अशी. एका पोस्टकार्डाला लांब फट पाडली. पत्रावर काच ठेवली आणि काचेवरून ती फट उभ्या ओळीवर धरली. "आडवं डोळ्यानं सोडून द्यायचं," ते म्हणाले. "स्टँडवर गर्दीत आपला माणूस शोधतो तसं. बाकीचे असतात, पण दिसत नाहीत." ते एकेक अक्षर सांगायचे, कॅथलीन शब्द जुळवायची, मी लिहून घ्यायची, आणि मग नोरासाठी तेवढं मोठ्यानं वाचायची. पाऊण तासात सहा ओळी.

त्या ओळी अशा होत्या. हे पत्र मी मार्चमध्ये लिहायला घेतलं, आता ऑगस्ट आहे. तुझा बाप रोज विचारतो, टाकलंस का. मी म्हणते, उद्या. फळीवर आहे तोवर मला वाटतं आपलं बोलणं चालू आहे. टाकलं की मी गप्प होईन.

इथे काकांनी पोस्टकार्ड खाली ठेवलं आणि पाणी मागितलं. पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला. मग शेवटची ओळ लावली. उद्या शेजारचा बाजाराला चाललाय, त्याच्या हाती देते, माझ्याच्यानं होणार नाही.

नोरा म्हणाली, "पाच महिने. आमच्या घरात दारात उभं राहून निरोप घ्यायला अजूनही तासभर लागतो. आता कळलं कोणामुळे." तिनं हात पुढे केला. तो काकांपर्यंत पोचेना, म्हणून काका उठून तिच्याजवळ गेले.

मी वाट पाहत होते. पाच महिने घरात पडून राहिलेलं पत्र म्हणजे काकांना पोत्याची गोष्ट दहाव्यांदा सांगायला याहून चांगली संधी नव्हती. त्यांनी सांगितली नाही. मुक्कामाला राहता कामा नये, हेही म्हणाले नाहीत.

शनिवारी पत्र काकांनीच वाचावं, असं नोरानं सांगितलं. त्यांनी ते कार्यालयीन परिपत्रकासारखं वाचलं, एकाही शब्दावर जोर न देता. चाळीस खुर्च्या भरल्या होत्या. फिडलवाल्यांपैकी धाकट्यानं वाजवायला सुरुवात करायची होती, तो विसरला.

पाच वाजता मी काकांना घरी सोडायला निघाले. अमोलच्या घरासमोर गाडी थांबवली. ते उतरेनात.

"वैशाली, मी चौतीस वर्षांचं जे सांगतो ना."

"हो."

"ते नोकरीपुरतं खरं आहे."

त्यांनी जॅकेटची चेन उघडली. आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट. पाकिटाच्या कडा मऊ झाल्या होत्या. वर बाईच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, चि. अमोल यास. खाली न्यू जर्सीचा पत्ता, झिपसकट.

"सुमननं दवाखान्यात लिहिलं. मला म्हणाली, तुम्ही जाल तेव्हा त्याच्या हातात द्या." त्यांनी पाकीट तळहातावर ठेवलं. "बारा ग्रॅम. दोन कागद आहेत. दोन्ही बाजूंनी लिहिलेले असणार, तिला कागद पुरायचा नाही."

"तुम्ही वाचलं नाही?"

"माझ्या नावावर नाही."

"मग द्या ना त्याला, काका. चार वर्षं झाली."

"देणारच होतो. विमानतळावर द्यायचं ठरवलं होतं. मग म्हटलं, घरी गेल्यावर. मग म्हटलं, रविवारी." ते पाकिटाकडे बघत होते. "दिलं की पोचलं, वैशाली. नाही दिलं तोवर तिचं अजून काहीतरी वाटेत आहे."

माझ्याकडे सहसा पुढची पायरी तयार असते. मी म्हटलं, "मी देऊ का?"

"तू पोस्टमास्तर. वाटप माझ्याकडे."

तेवढ्यात गॅरेजचं दार वर गेलं. अमोल रिसायकलिंगचा डबा ओढत बाहेर आला आणि आम्हाला पाहून त्यानं हात केला. "काय बाबा, झालं का आयरिश लोकांचं टपाल?"

"झालं," काका म्हणाले. पाकीट पिशवीत गेलं, पिशवी खिशात, चेन गळ्यापर्यंत. उतरताना त्यांनी माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट दाखवलं. "लिहून ठेव. माझ्या नावावर."

मी लिहिलं. त्या महिन्याच्या यादीचा हिशेब असा. खुर्च्या चर्चला परत: झाल्या. सलगमचे दिवे, कुजायच्या आत फेकणे: झालं. नोराच्या पत्राची मोठ्या अक्षरातली प्रत: दिली. फ्लोरिडातल्या भावाला एक प्रत: काकांनी सोमवारी सकाळी पोस्ट उघडताच स्वतः टाकली.

आता नोव्हेंबरची यादी सुरू आहे. हजेरीत काका आहेत, जॅकेटसकट. मागच्या यादीतली एकच ओळ मी पहिल्या क्रमांकावर उतरवून घेतली. अमोलचं पत्र, जबाबदारी साळुंखे काका. पुढे रकाना रिकामा आहे.