मॅनेजरसाहेब रिकामी बादली घेऊन निघतात

"माझ्या गोदामातून आजवर एक पोतं इकडचं तिकडे झालेलं नाही!" हे वाक्य मॅनेजर दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. ऑफिसात म्हणायचा, जेवताना म्हणायचा, दाढी करताना आरशालासुद्धा ऐकवायचा. गोदामाचा मॅनेजर, म्हणून घरीदारी सगळे त्याला मॅनेजरच म्हणत. बायको 'मॅनेजरसाहेब' म्हणायची, पण ज्या सुरात म्हणायची त्यात साहेबपणा औषधालाही नसायचा.

तर अशा या माणसाने स्वतःच्या अंगणातून वीसेक पोती माती घालवली. आणि तीही कुणाची? वडिलांची!

वडील म्हणजे आबा. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आबांचा गादीवाफा होता. गादीवाफा म्हणजे फळ्यांची गुडघाभर उंच चौकट आणि आत गच्च भरलेली माती. फार वाकायला नको, मुळाशी पाणी साचायला नको. हा वाफा मुळात आजोबांचा. आजोबांनी त्यात चाळीस भानगडी करून माती तयार केली. पालापाचोळा, राख, भाज्यांची देठं, आणि आजोबांनाच ठाऊक काय काय! त्यांच्यामागे वाफा आबांकडे आला. टोमॅटो, घेवडा, मुळे, पालक... घरात भाजीवाल्याचं तोंड कुणी फारसं पाहिलंच नाही.

नात्यागोत्यातल्या किंवा ओळखीच्या कुणी नवा वाफा केला, की त्याला या मातीची एक बादली मिळायची. विरजण लावावं तशी ती नव्या मातीत मिसळायची. "बाजारची माती नुसती माती असते," आबा म्हणायचे, "आपल्या मातीला शिकवण आहे."

आणि या शिकवलेल्या मातीला मॅनेजरने हात लावायचा नाही! लहानपणी त्याने एकदा गवत समजून अख्खं गाजर उपटलं होतं, तेव्हापासूनची बंदी. "तू आपलं गोदाम सांभाळ," आबा म्हणायचे. "पोती गप्प पडून असतात. रोपं नसतात." मॅनेजर हसून सोडून द्यायचा. पण खरं सांगायचं तर त्याला ते लागायचं. चारचौघांत 'माझा मुलगा' म्हणून मिरवणारे आबा वाफ्यापाशी आले, की त्याला परका करून टाकायचे.

म्हणून आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे गेले, तेव्हा मॅनेजरला वाटलं, हीच संधी! फळ्या कुजल्या होत्या, एका कोपऱ्यातून माती बाहेर यायला लागली होती. आबा परत येईपर्यंत नवीकोरी चौकट उभी करायची, की आबा गार!

"आबांना विचारलंत?" बायकोने विचारलं.

"अगं, सरप्राइज विचारून देतात का?"

"मग काही बिघडलं तर तेही सरप्राइजच ना?"

मॅनेजर तोवर फळ्या मोजायला लागला होता. त्याने रजा टाकली, सुतार बोलावला, माती काढून पोत्यांत भरली आणि पोती कुंपणाच्या भिंतीशी ओळीने लावली. ओळ अशी सरळ, की तो दोनदा मागे सरकून बघून आला.

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे गाडी लावायला जागा करण्याचं काम चाललं होतं. दुपारी मॅनेजर फोनवर होता. कुठलासा ट्रक चुकीच्या गोदामात गेला होता आणि मॅनेजर ओरडत होता, "अरे, माल उचलण्याआधी विचारायचं नाही का!" तेवढ्यात शेजारचा गवंडी भिंतीवरून डोकावला.

"साहेब, ही पोती भरावाला घेऊ का?"

"घे रे बाबा, घे! पण आत्ता डोकं खाऊ नकोस!"

गवंड्याने बिचाऱ्याने डोकं खाल्लं नाही, नुसती पोती नेली. आणि फोन संपवून, चहा पिऊन, सुताराशी जरा वाद घालून मॅनेजर अंगणात आला, तेव्हा भिंतीशी काही नव्हतं. तो पळत शेजारी गेला. तिथे आजोबांची माती धुम्मसाने ठोकून ठोकून बसवलेली, वर काँक्रीट, आणि काँक्रीटवर फरशा लागत होत्या. माणसं कामाला इतकी चपळ असतात हे त्याला त्याच दिवशी कळलं.

"फरशा उखडल्या तर?" त्याने शेजाऱ्याला विचारलं.

"उखडा की," शेजारी म्हणाला. "फक्त आधी आमच्या घरात विचारा. फरशी तिने पसंत केलीय."

शेजारीणबाई दारातच उभ्या होत्या. मॅनेजरने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि "फरशी छान आहे हो," म्हणून परत आला.

घरी येऊन तो वाफ्याच्या नव्याकोऱ्या रिकाम्या चौकटीच्या काठावर बसला. परवा सकाळी आबा येणार होते. आजोबांची सगळी मेहनत एका मोटारीखाली गेली होती. "आबा मला घरात घेणार नाहीत गं," तो म्हणाला. बायकोला खरं तर 'सांगितलं नव्हतं?' म्हणायचं होतं. पण त्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं आणि पाणी आणून दिलं.

पाणी पिता पिता त्याला सुचलं. माती गेली, पण विरजण कुठे गेलंय? सलूनवाल्यांकडे आहे, मास्तरीणबाईंकडे आहे, काकांकडे आहे! प्रत्येकाकडून एकेक बादली परत मागायची, रोपवाटिकेतून आणलेल्या मातीत मिसळायची, आबांना पत्ता लागणार नाही!

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, जी मॅनेजरला ठाऊक नव्हती. त्याच्या बायकोलाही नव्हती, ती तर नंतरची. या घरातून माती बाहेर जायची ती आनंदाने जायची. पण परत यायची ती एकाच वेळी. वाफ्याचा धनी गेला, की घरातलं कुणीतरी रिकामी बादली घेऊन माती दिलेल्या दारी जायचं. बादली पुढे करायची, ती काय ते सांगते. आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांनी वाफ्यापाशी जमायचं. आजोबा गेले तेव्हा हे सगळं झालं होतं. पण मॅनेजर तेव्हा दूर, हॉस्टेलात, परीक्षेच्या खिंडीत अडकलेला. तो परत आला तेव्हा वाफा एकदम आबांचा झालेला.

तर दुसऱ्या दिवशी मॅनेजर रिकामी बादली घेऊन निघाला. पहिलं सलून. सलूनवाले एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. दारात बादली बघितली आणि त्यांचा वस्तरा हवेतच थांबला.

"कधी झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

बातमी इतक्यात इथवर आली? मॅनेजर वरमला. "काल दुपारी."

"त्रास नाही ना झाला?"

"मला कळलंसुद्धा नाही हो! मी फोनवर बोलत होतो. सगळा माझ्या हलगर्जीपणाचा घोळ."

"असं म्हणू नये." सलूनवाल्यांचे डोळे भरून आले. "होणारं चुकत नाही." अर्धा गाल साबणाचा घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून ते मागच्या अंगणात गेले आणि बादली काठोकाठ भरून घेऊन आले. मॅनेजरला वाटलं, काय माणूस आहे! एवढ्याशा मातीसाठी रडतो!

मास्तरीणबाईंनी तर कमालच केली. शाळेत असताना त्यांनी त्याला बाकावर उभं केलं नाही असा आठवडा गेला नव्हता. त्या बाईंनी बादली पाहिली आणि त्याला चक्क जवळ घेतलं! "एकटा समजू नकोस स्वतःला," त्या म्हणाल्या. "मी उद्या सकाळी येतेच."

"या की, चहाला या," मॅनेजर म्हणाला. तो असं का म्हणाला असेल याचा मास्तरीणबाई बराच वेळ विचार करत राहिल्या. दुःखाने माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, असं त्यांनी शेवटी ठरवलं.

आणखी चारपाच घरं झाली, सगळीकडे तोच प्रकार. राहिले काका. आबांचे धाकटे भाऊ. आजोबांच्या मागे वाफा आबांकडे गेला, तेव्हा काका म्हणाले होते, "मधोमध फळी घालू, अर्धा माझा." आबा म्हणाले, "वाफ्याचे तुकडे होत नाहीत." तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. भाऊ कसले, दोन बंद दारंच.

काकांनी दार उघडलं, बादली पाहिली आणि चौकटीला धरून उभे राहिले. मॅनेजरला तयार केलेलं भाषण करावंच लागलं नाही. काकांनी स्वतः कुदळ घेतली, स्वतः माती भरली. अर्धी माती बादलीबाहेर सांडत होती.

"मी मूर्ख आहे रे," काका म्हणाले. "वाटायचं, आज ना उद्या त्याच्याकडे जाऊ. आता भांडायला तरी कोण उरलं?"

मॅनेजरला वाटलं, म्हातारपणामुळे असेल. तो म्हणाला, "मग उद्या सकाळी आबांना भेटायला या ना." काकांना हुंदकाच फुटला.

आणि ती सकाळ उजाडली! मॅनेजरने मिसळलेली माती वाफ्यात भरून, वरून हात फिरवून तयार ठेवली होती. तो खूश होता. इतक्यात फाटक वाजलं. सलूनवाले आले, हातात अजून एक बादली. पाठोपाठ मास्तरीणबाई. काका. आणखी चारपाच घरं. सगळे वाफ्याभोवती माना खाली घालून उभे.

"चहा ठेवू का?" बायकोने मॅनेजरला कुजबुजत विचारलं. "हे सगळे काय बघतायत?"

"फळ्या," मॅनेजर अभिमानाने म्हणाला.

तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. ताई सामान उतरवत होती, आणि आबा काळा चष्मा लावून एकटेच आत आले. त्यांना अजून सगळं धूसरच दिसत होतं. अंगणात माणसं, हातात बादल्या, माना खाली. आबांनी टोपी काढली, मागच्या रांगेत सलूनवाल्यांशेजारी उभे राहिले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"आबा," सलूनवाले मान वर न करता म्हणाले.

"अरेरे! कोणते आबा?"

"आपलेच की. वाफ्यावाले."

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "चांगला होता का हो माणूस?"

"देवमाणूस. फक्त दाढी करताना मला एक शब्द बोलू द्यायचा नाही."

"खोटं!" आबा ओरडले. "तूच बडबडतोस!"

सलूनवाल्यांची बादली सुटली ती थेट मास्तरीणबाईंच्या पायावर. मास्तरीणबाई किंचाळल्या, बायकोच्या हातातून कपबशा पडल्या, ताई बॅगा टाकून धावत आली. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"दादा! तू... तू जिवंत आहेस?"

"तू इथे कसा?"

"तू मेलास म्हणून आलो."

"म्हणजे मी जिवंत होतो तोवर यायचं नव्हतं होय रे?"

काका दोन पावलं पुढे आले. आबांना आपण काय बोललो ते नंतर उमजलं असावं. मग काकांनी आबांचा हात धरला, डोळ्यांना दिसत नाही म्हणून, असं निमित्त करून. आबांनी तो सोडवून घेतला नाही.

मग मॅनेजरने सगळं सांगितलं. गवंडी, फोन, फरशा, सगळं. सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "आबा, मला तुम्हाला खूश करायचं होतं. आजोबांची माती मी घालवली."

आबा वळले. वाफ्याशी गेले आणि कोपरापर्यंत हात मातीत घातला. मूठभर माती काढून नाकाशी धरली, बोटांनी चुरली.

"यात केस आहेत."

"सलूनातले," सलूनवाले चाचरत म्हणाले. "मी खत म्हणून घालतो."

"आणि हे पांढरं?"

"अंड्यांची टरफलं," मास्तरीणबाई पाय चोळत म्हणाल्या. "कुटून घालते."

"ही राख तुझी," आबा काकांना म्हणाले. "अजून चाळत नाहीस." मग मॅनेजरकडे वळले. "माझ्या बापाची माती तरी त्याच्याकडे होती तशीच कुठे राहिली होती? मीही तीत किती काय घातलं. जिथे जिथे गेली, तिथे वाढली. ती परत आणलीस ना? मग झालं तर."

मॅनेजरचे डोळे भरून आले. आबांनी त्याला वाफ्यापाशी उभं राहून कधी असं म्हटलं नव्हतं. "मग मी... तुमच्या हाताखाली काम करू का? तुमच्या वाफ्यात?"

"माझ्या? माझा कुठला?" आबा म्हणाले. "माती परत आली, की वाफा पुढच्याचा. घरचा रिवाज आहे. हे सगळे साक्षीला उभे आहेत. आजपासून वाफा तुझा, मी सुटलो!" आणि काकांचा हात धरून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच.

आता मॅनेजर रोज सकाळी ऑफिसच्या आधी गुडघ्यावर बसून मातीत राबतो. घेवड्याच्या बिया पेराव्या किती खोल, टोमॅटोला काठी लावावी कधी, त्याला काही म्हणजे काही कळत नाही. तो व्हरांड्याकडे वळून विचारतो, "आबा, पाणी किती घालू?"

आबा चहाचा घोट घेतात. "मला काय विचारतोस? मी मेलोय."

एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. मॅनेजर गवत म्हणून भलतंच काहीतरी उपटत होता. आबा खुर्चीतून अर्धे उठले, "अरे गाढवा, ते..."

"दादा," काका त्यांना खाली ओढत म्हणाले, "मेलेली माणसं बोलत नाहीत."

आबा गप्प बसले. मॅनेजरने गाजर उपटलं.