व्होल्ट सांग आधी

आमच्या शेजारच्या देवराव काकाजीले काहीबी विचारा, ते पयले म्हणते, "व्होल्ट सांग आधी." भाजीवाली म्हणे, वांगे लय गोड हाये, घ्या ना. "व्होल्ट सांग आधी." समोरच्या घरी पोरीसाठी स्थळ घेऊन एक मानूस आला, म्हणे पोरगा बम कमावते. काकाजी मधातच, "कमावते ते ठीक, पण व्होल्ट किती?" त्या मानसानं चहा अर्धा टाकला.

काकाजी मारेगावातल्या एका जिनिंगमंदी वायरमन होते. कापसाचे भाव बसले, जिनिंग बसली, काकाजी घरी बसले. काकू त्याच्या आधीच गेल्या. मंग त्याइनं पडवीत जुन्या बॅटऱ्या मांडल्या. अन् रोज दुपारी आमच्या दारात येऊन विचारते, "सूनबाई, लाईट हाये का?" आता आमची अन् त्याइची लाईट एकाच खांबावरची! त्याइचा पंखा फिरताना मले दिसून राह्यला! मी म्हणो, हाये. ते म्हणे, "बरं," अन् चालले जाये. मले वाटे, बुढ्याचा फ्यूज उडाला.

माहं म्हणाल तं मी पक्की भित्री. पाल दिसली तं भेते, नाही दिसली तं कुठं गेली म्हून भेते. त्यात माहा गोलू सव्वा वर्साचा, त्याच्या छातीत शिट्टी वाजे. डॉक्टरनं वाफेची मशीन देली, धाप लागली का दहा मिनिटं लावाची. मशीन लाईटवर, लाईट लोडशेडिंगवर, अन् गोलूचे बाबा वणीले कोळशाच्या ट्रकवर. घरात मी अन् माहं भेव.

मंग गोलूच्या बाबानं वणीहून इन्व्हर्टर अन् बॅटरी आणली. दुकानदार म्हणे, दोनशे चाळीसची हाये. मी मिरवाले काकाजीले बोलावलं.

"दोनशे चाळीस काय?" काकाजी.

त्याइच्या बॅटऱ्यावर आकड्यापुढं इंग्रजीत ए अन् एच राहे. मी सातवी शिकलेली, ते 'आह' वाचो. तेच ठोकलं, "दोनशे चाळीस आह!"

काकाजी एवढे हासले का खोकला आला. "आह नाही वो, अँपिअर-अवर. अन् हे तं वॅट-अवर हाये. व्होल्ट सांग."

"बारा."

"मंग बारानं भाग. वीस."

मी मटकन खाली बसली. "वीस? काकाजी, आत्ता दोनशे चाळीस होते ना!" मले वाटलं, या मानसानं माह्या डोळ्यादेखत बॅटरी भागून खाल्ली.

"अवं बाई, कमी नाही झालं. रांजण तोच. पेल्यानं मोजलं तं दोनशे चाळीस, बारा पेल्याच्या गडव्यानं मोजलं तं वीस. गोलूच्या मशीनले लय झालं."

मी मुंडी हालवली. पण वीस म्हणजे वीस.

एका दुपारी लाईट गेली अन् गोलूची शिट्टी सुरू झाली. घरात भरलेली बॅटरी, तिच्याकडं पायलं, डोक्यात नुसतं वीस, वीस, अन् मी पोट्टं काखेत, मशीन हातात, एक चप्पल पायात, एक कुठं देव जाणे, पळत काकाजीकडं. "काकाजी, तुमची मोठी बॅटरी द्या!"

त्या दिवशी त्याइनं व्होल्ट नाही विचारला. मशीन जोडली, गोलूच्या तोंडाले मास्क धरला. घर्रघर्र सुरू. हळूहळू शिट्टी बसली. गोलूनं त्याइचं बोट धरलं, सोडेच ना.

माहा जीव ठिकाणावर आला तवा कळलं, घरात कसं उकडून राह्यलं.

"काकाजी, एवढी मोठी बॅटरी, अन् लाईट गेल्यावर तिच्यावर पंखा काहून नाही लावत?"

"गोलूची मशीन आली तवापासून नाही लावत. भरलेली राहू देतो."

मी उगाच म्हटलं, "म्हून रोज लाईट विचाराले येता का?"

काकाजी गोलूच्या हातातल्या बोटाकडं पाहत राह्यले. "पोट्टं रडते, तू ओरडते, भिंतीतून येते मले ऐकू. दुपारी तुम्ही दोघं झोपता. मंग इकडं काहीच वाजत नाही. आता कोणाच्या दारात जाऊन काय विचारावं मानसानं? लाईट हाये का, एवढं तं विचारता येते."

आता दुपारी गोलू झोपला का मी मधल्या भिंतीपाशी गंज-भांडे घासाले बसते. जरा आपटूनच घासते. तिकडून आवाज येते, "सूनबाई, हळू! पोट्टं उठंन!"

मी आणखी एक गंज आपटते.