सोनवणेकाकांनी मीटरला पाजलेली कढी

डिसेंबरचा पहिला सोमवार. मंजूर रक्कम साडेतीन लाख रुपये. हजर : आमचे शेठ, हिशेब आणि खरेदी पाहणारा मी, मीटर विकायला आलेल्या तीन कंपन्यांची तीन माणसं, आणि उत्पादन पाहणारे सोनवणेकाका. काकांच्या हातात कढीचा डबा.

अंबडचा आमचा कारखाना द्राक्षांच्या खोक्यांना लागणारा गम बनवतो. गम पातळ झाला तर खोकी पिंपळगावच्या शीतगृहात उकलतात, घट्ट झाला तर पाइप तुंबतो. रोज बारा ते दोन गम शिजतो आणि तेवढा वेळ काका पळी बुडवून, वर उचलून, धार बघत उभे असतात. आता पाइपातच बसून सतत घट्टपणा मोजणारं आणि तो बिघडला की घंटा वाजवणारं मीटर घ्यायचं होतं.

काका कुठेही धारच बघतात. लग्नात वाढप्याला थांबवून मठ्ठ्याची धार बघतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात बासुंदीची धार बघून म्हणाले, "हिला अजून दहा मिनिटं द्यायची." व्याही शेजारीच बसले होते.

तर काकांनी तिन्ही मीटरांचे दांडे गरम कढीत बुडवायला लावले. एकजण म्हणाला, आमचं यंत्र परदेशी आहे.

"मग त्याला कढी नवीन असंल. बुडवा."

अर्ध्या तासाने पुन्हा बुडवायला लावले. तिन्ही मीटरांनी कढी घट्ट झाल्याचं दाखवलं. काकांनी विचारलं, "गार झाली म्हणून घट्ट झाली, का बेसन जास्त पडलं?" दोघांच्या मीटरांना ते सांगता येईना. तिसऱ्याचं मीटर तापमानही मोजत होतं आणि त्याचा फरक काढून टाकून वेगळा आकडा देत होतं. तो आकडा जागचा हलला नव्हता. म्हणजे कढी तीच, फक्त गार झालेली.

त्यालाही काकांनी सगळ्यांना विचारलेला प्रश्न विचारलाच. "मी नसताना चालंल का?"

काकांना दुपारची झोप हवीय, असं शेठ माझ्या कानात म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

सौदा तीन लाख चाळीस हजारांना ठरला. दहा टक्के मी राखून ठेवले. चाचणी झाल्यावर, काकांच्या सहीने द्यायचे.

चाचणीच्या दिवशी बाराला गम चढवला आणि काकांनी स्कूटरला किक मारली. "बसा भाऊ. मी इथं उभा राहिलो तर चाचणी माझीच व्हायची."

सिडकोतल्या घरी काकू खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना अर्धांगवायू झालाय, एवढंच मला माहीत होतं. पातळ काही दिलं की ते श्वासनलिकेत जातं, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करावं लागतं, हे काकांनी मला तिथे सांगितलं. एकदा शेजारणीच्या हातून पाणी पातळ राहिलं आणि काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून काका अडीचला घरी पोचेपर्यंत त्या घोटभर पाणीही घेत नव्हत्या.

"आज लवकर?" काकू अडखळत म्हणाल्या. "काढलं का कामावरून?"

"बदली माणूस मिळालाय. जेवत नाय, रजा मागत नाय."

काकांनी वाटीतल्या पाण्यात पावडर ढवळली, चमचा उचलून धार बघितली, आणखी चिमूटभर घातली, पुन्हा बघितली. मग पहिला चमचा दिला. ठसका लागला नाही.

मी कारखान्यात फोन लावला. गम बरोबर होता, मीटरने एकदाही घंटा वाजवली नव्हती. तसं सांगितलं तरी काका वळले नाहीत.

"हिची वाटी संपू द्या, मग सही करतो."

आमची बिलं महिनाअखेरीशिवाय निघत नाहीत, हे सगळे विक्रेते जाणून आहेत. उरलेले चौतीस हजार मात्र मी त्याच संध्याकाळी मीटरवाल्या कंपनीला चुकते केले.